फोन सजीव आहे का? कर्जतच्या एका वर्गात अडकलेला प्रश्न आणि जगदीशचंद्र बोस

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही, ॲपची ट्रिक पण नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. तुमच्या हातातल्या फोनचा आणि दारातल्या लाजाळूच्या झाडाचा, दोन्हींचा संबंध या एकाच माणसाशी येतो. पण त्याआधी माझी स्वतःची थोडी फजिती सांगतो, कारण ही गोष्ट मला तिथूनच सापडली.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. मागच्या पावसाळ्यात चार दिवस सुट्टी काढून घरी गेलो होतो. आमची काकू तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. ती म्हणाली, तू एवढा इंजिनिअर झालास, तर सहावीच्या पोरांचा विज्ञानाचा एक तास घेऊन दाखव. विषय होता सजीव आणि निर्जीव. मी म्हटलं, यात काय अवघड आहे?

फळ्यावर यादी लिहिली. हालचाल, पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, प्रजनन आणि चेतनाक्षमता, म्हणजे बाहेरून काही झालं की प्रतिसाद देणं. मग उदाहरणं सुरू केली. रेहेकुरीचं काळवीट? सजीव. बाभळ? सजीव. राशीनच्या देवळातल्या हलत्या दीपमाळा? इथे वर्ग हसला. हलतात, पण निर्जीव. सगळं मस्त चाललं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली की मग मोबाइल सजीव आहे. का, तर तो चार्जिंग खातो. हात लावला की प्रतिसाद देतो. जास्त वापरला की तापतो आणि हँग होतो, म्हणजे दमतो. थोडा वेळ बंद ठेवला की परत नीट चालतो. म्हातारा होतो, बॅटरी टिकत नाही. आणि शेवटी आपणच म्हणतो की फोन मेला. तिचं होतंय न होतंय तोच मागून एक मुलगा म्हणाला की आमच्या कोठीतली ज्वारी वर्षभर यातलं काहीच करत नाही, मग ती निर्जीव का?

म्हणजे माझ्या यादीत फोनला ज्वारीच्या दाण्यापेक्षा जास्त मार्क पडत होते!

मी काय उत्तर दिलं असेल? फोन हे यंत्र आहे म्हणून तो निर्जीव, बस खाली. आता हे काही उत्तर झालं का? निर्जीव का, तर निर्जीव आहे म्हणून. घंटा वाजली, ती मुलगी बसली, पण तिला पटलेलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

पुण्याला परत येताना एसटीत आठवलं की अगदी हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने लंडन आणि पॅरिसच्या शास्त्रज्ञांसमोर मांडला होता. तोही एका वायरलेस यंत्रावरूनच. त्यालाही खाली बसायला सांगितलं गेलं होतं. त्याचं नाव जगदीशचंद्र बोस. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एकच ओळ पाठ करतो, की वनस्पतींना संवेदना असतात हे त्यांनी दाखवलं. गोष्ट त्यापेक्षा खूप मोठी आहे.

गावच्या शाळेतला साहेबाचा मुलगा

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातल्या मयमनसिंहचा. वडील भगवानचंद्र हे इंग्रज सरकारात डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, म्हणजे मोठ्या हुद्द्याचे अधिकारी. त्या काळात अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी उलटं केलं. आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं कळली पाहिजेत, इंग्रजी नंतर, असं त्यांचं मत होतं. म्हणून फरीदपूरला छोट्या जगदीशला त्यांनी बंगाली शाळेत घातलं.

तिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा बसायचा, दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. नदीतले मासे, पक्षी, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी त्याने या दोस्तांकडून ऐकल्या. निसर्गाचं वेड तिथूनच लागलं असं बोस पुढे आयुष्यभर सांगत राहिले. शाळा सुटली की ही पोरं घरी यायची आणि आई सगळ्यांना सारखंच खाऊ घालायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

अजून एक भारी किस्सा. जगदीशला शाळेत पोहोचवणारा नोकर आधी दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला तुरुंगात पाठवलं होतं आणि सुटून आल्यावर काम नाही म्हणून त्यांनीच त्याला नोकरीवर ठेवलं. शाळेच्या वाटेवर या बालकाला दरोड्यांच्या आणि लढायांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या!

मी स्वतः मराठी माध्यमातून शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. म्हणून बोस यांचं हे बालपण मला जास्त जवळचं वाटतं. भारतातल्या पहिल्या आधुनिक भौतिकशास्त्रज्ञांपैकी एकाचा पाया मातृभाषेतल्या शाळेत घातला गेला होता, हे लक्षात ठेवा.

डॉक्टर व्हायला गेले, फिजिक्स घेऊन आले

पुढचं शिक्षण कोलकात्याला झालं. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ नावाचे शिक्षक होते. ते भौतिकशास्त्र प्रयोग करून शिकवायचे, त्यामुळे जगदीशला या विषयाची गोडी लागली. १८८० मध्ये ते इंग्लंडला गेले ते मात्र डॉक्टर व्हायला. पण भारतातूनच जडलेला ताप सारखा उलटायचा आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास त्यांना सोसेना. वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले. भौतिकशास्त्रासोबत वनस्पतिशास्त्रही शिकायला मिळालं आणि हे कॉम्बिनेशन पुढे कामाला आलं.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तीन वर्षं बिनपगारी

आता नोकरी करणाऱ्यांनी हे नीट वाचा. त्या वेळी एकाच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. बोस यांची नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याचाही अर्धा. म्हणजे हिशेब केला तर गोऱ्या सहकाऱ्याच्या एक तृतीयांश.

बोस यांनी राजीनामा दिला नाही, भांडणही केलं नाही. ते रोज वेळेवर यायचे, पूर्ण ताकदीने शिकवायचे आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचाच नाही. असं एक-दोन महिने नाही, तीन वर्षं चाललं. त्याच काळात वडिलांचे व्यवसाय बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, तेही याच ओढाताणीत. अबला मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या होत्या आणि पुढे बंगालमध्ये स्त्रीशिक्षणाचं मोठं काम त्यांनी उभं केलं.

शेवटी सरकार नमलं. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार मागच्या तारखेपासून एकदम हातात आला. तो पैसा त्यांनी वडिलांचं कर्ज फेडायला वापरला.

५ मिलिमीटरची लाट

१८९४ च्या सुमाराला बोस संशोधनाकडे वळले. कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एक छोटी खोली, एक स्थानिक पत्रेकारागीर आणि स्वतःच्या खिशातला पैसा, एवढ्यावर काम सुरू झालं.

थोडा तांत्रिक भाग समजून घेऊ. हेन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ पर्यंत रेडिओ लहरी असतात हे सिद्ध केलं होतं. पण त्या लहरी लांब होत्या. त्यांच्यावर प्रयोग करायचे तर उपकरणंही मोठी लागायची. बोस यांनी ठरवलं की लहरच लहान करायची, म्हणजे सगळं टेबलावर मावेल. त्यांनी साधारण ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार केल्या.

एक सोपं सूत्र सांगतो. ३०० ला गिगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. तुमच्या घरातलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर ३०० भागिले २.४, म्हणजे १२५ मिलिमीटर. आपल्याकडे ५जी साठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही दिला आहे, तिथे ही लांबी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास येते. आणि बोस यांची ५ मिलिमीटरची लहर? ती होते ६० गिगाहर्ट्झ! ज्याला आज आपण मिलिमीटर वेव्ह म्हणून मिरवतो, तिथे हे गृहस्थ १८९० च्या दशकातच पोहोचले होते.

कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहरी भिंती पार करून गेल्या, पलीकडच्या खोलीत घंटा वाजली आणि दारूगोळ्याचा छोटा स्फोट झाला. मधे कुठेही तार नव्हती.

त्यांची उपकरणं बघितली तर मजा वाटते. डीटीएच डिशच्या समोर जो छोटा भाग असतो ना, त्याच्या तोंडाशी एक कर्ण्यासारखा आकार असतो. त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. बोस तशाच कर्ण्यांनी लहरी गोळा करायचे. लहरी एका ठरावीक दिशेने कंप पावणाऱ्या हव्यात म्हणून त्यांनी चक्क रेल्वेचं वेळापत्रक वापरलं. जाड पुस्तकाच्या पानांमध्ये पातळ धातूचा कागद घातला की झालं पोलरायझर! पीळ दिलेल्या तागाच्या जुड्याही त्यांनी अशाच वापरल्या. जे हाताशी आहे त्यातून काम करायचं, हा त्यांचा खाक्या.

१८९६ मध्ये लंडन विद्यापीठाची डीएससी मिळाली आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. पेटंटच्या मागे लागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्ञान सगळ्यांचं असतं, ही त्यांची भूमिका. मित्रमंडळींच्या आग्रहामुळे गॅलिना खनिजाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट मात्र १९०४ मध्ये त्यांच्या नावावर झालं. सेमीकंडक्टरवर चालणाऱ्या उपकरणांच्या सगळ्यात जुन्या पेटंटमध्ये ते मोजलं जातं. त्यातून त्यांनी पैसे मात्र कमावले नाहीत, पेटंट तसंच संपू दिलं.

रिसीव्हर दमला!

आता आपण कर्जतच्या त्या मुलीच्या प्रश्नापाशी येतोय.

त्या काळात लहरी पकडायला कोहिरर नावाचं साधन वापरत. त्याच्या साध्या प्रकारात काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असतो. लहर आली की कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वीज वाहू लागते. बोस यांनी यात खूप सुधारणा केल्या. पण सारखा वापर करताना त्यांच्या लक्षात आलं की रिसीव्हर हळूहळू मंद होतो. थोडा वेळ तसाच ठेवला की परत पहिल्यासारखा चालतो.

तुम्ही-मी असतो तर काय केलं असतं? बग समजून दुरुस्त केला असता आणि पुढे गेलो असतो. बोस यांना मात्र त्यात थकलेला स्नायू दिसला. स्नायूला सारखे झटके दिले की तोही असाच मंदावतो आणि विश्रांतीनंतर ताजा होतो.

मग त्यांनी पद्धतशीर मोजायला घेतलं. धातूची तार घ्यायची, तिला पीळ किंवा ठोका द्यायचा आणि तिच्यात उमटणारी विजेची बारीक हालचाल आलेखावर नोंदवायची. तेच झाडाच्या देठावर. तेच प्राण्याच्या स्नायूवर. तिन्हींचे आलेख शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे ओळखणं अवघड. सारखे ठोके दिले की तिन्ही दमायचे. काही रसायनांनी प्रतिसाद वाढायचा, काहींनी कमी व्हायचा. ऑक्झॅलिक आम्लासारखं रसायन दिलं की धातूचाही प्रतिसाद बंद पडायचा, जणू विषच दिलं.

ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हे मांडलं. मे १९०१ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रतिसाद देणं ही काही फक्त सजीवांची मक्तेदारी नाही. सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये आपण समजतो तशी एकच ठळक रेघ नाही.

खाली बसा!

जून १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी प्रयोग केले तेव्हा वाद पेटला. समोर सर जॉन बर्डन-सँडरसन होते, त्या काळचे फार मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये विजेचा संदेश असतो हे त्यांनीच १८७३ मध्ये दाखवलं होतं. पण साध्या झाडांमध्ये असं असतं हे त्यांना मान्य नव्हतं. बोस यांनी आपल्या भौतिकशास्त्रात राहावं आणि निबंधाचं शीर्षक बदलावं, असा त्यांचा सूर होता. बोस यांनी नकार दिला. निबंध छापला गेला नाही, सोसायटीच्या दप्तरात जाऊन पडला.

विचार करा. परक्या देशात, मोजकी रजा हातात, पैसा संपत आलेला. अशा वेळी मित्र उभे राहिले. रवींद्रनाथ टागोरांनी त्रिपुराच्या महाराजांकडून मदत मिळवून दिली. भगिनी निवेदितांनी पुढे त्यांच्या पुस्तकांच्या लेखनात खूप हातभार लावला. १९०२ मध्ये लंडनच्याच लिनियन सोसायटीत त्यांचं काम स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरचं त्यांचं पुस्तक निघालं.

एक कोटी पटीने मोठं केलेलं झाड

यानंतर बोस जवळजवळ पूर्णपणे झाडांकडे वळले. झाड प्रतिसाद देतं हे तोंडी सांगून कोण ऐकणार? मोजून दाखवायला हवं. झाडाची वाढ इतकी सावकाश असते की डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं.

त्याची कल्पना सोपी आहे. सी-सॉ आठवा. आधाराच्या जवळचं टोक जरासं हललं की लांबचं टोक खूप हलतं. अशा दोन तरफा एकीला एक जोडल्या की हालचाल गुणाकाराने वाढते. पहिलीने १०० पट, दुसरीने १०० पट, एकूण १०,००० पट. शेवटच्या टोकाने काजळी धरलेल्या काचेवर ठिपके उमटायचे. काजळी यासाठी की कागदावर घासण्यात जी अडवणूक होते तीही नको. पुढे चुंबक आणि प्रकाशाची तिरीप वापरून त्यांनी ही वाढ एक कोटी पटीपर्यंत नेली.

यावरही लंडनमध्ये शंका घेतली गेली. १९२० मध्ये तिथल्या काही शास्त्रज्ञांनी यंत्र स्वतः तपासलं आणि ते बरोबर चालतं असं जाहीर केलं. ज्या रॉयल सोसायटीने एकेकाळी निबंध दप्तरात टाकला होता, तिनेच त्याच वर्षी त्यांना फेलो करून घेतलं.

त्याआधी १९१७ मध्ये, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केलं होतं. स्वतःला जी प्रयोगशाळा मिळाली नाही, ती पुढच्यांसाठी बांधून ठेवली. ही संस्था आजही चालू आहे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं, ७९ वा वाढदिवस आठवड्यावर असताना. २०१२ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाच्या दगडाचा मान दिला.

मग बोस बरोबर होते का?

व्हॉट्सॲपवर बोस यांच्या नावाने काहीही फिरतं. झाडाला शिव्या दिल्या की ते वाळतं वगैरे. म्हणून इथे नीट वेगळं करू.

बरोबर काय होतं? झाडांमध्ये विजेचे संदेश धावतात, हे आज पक्कं माहीत आहे. लाजाळूला हात लावला की असा संदेश पानाच्या देठाच्या तळाशी असलेल्या फुगीर गाठीपर्यंत जातो. तिथल्या एका बाजूच्या पेशींमधून पाणी बाहेर पडतं, त्या सैल पडतात आणि पान मिटतं. बोस यांनी लाजाळूवर हेच मोजलं होतं.

चुकलं काय? झाडात रस वर कसा चढतो, यावर त्यांनी असं म्हटलं की आतल्या पेशी हृदयासारख्या धडधडून तो वर ढकलतात. हे टिकलं नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि तिच्या ओढीने पाणी वर खेचलं जातं, असं आज मानतात. आणि धातूचं काय? त्यांची निरीक्षणं खोटी नव्हती. पण आलेख सारखा दिसतो म्हणून आतली गोष्ट सारखी असते असं नाही. धातूच्या पृष्ठभागावर भौतिक-रासायनिक बदल होतात आणि परत जागेवर येतात. त्यासाठी जीव असावा लागत नाही.

पण यातून एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध झाली: फक्त प्रतिसाद बघून जीव ठरवता येत नाही. आज एआय चॅटबॉट तुमच्याशी गोड बोलतो तेव्हा हे आठवलं पाहिजे. प्रतिसाद देतो म्हणजे जिवंत, असं असतं तर बोस यांची धातूची तार जिवंत म्हणावी लागली असती.

परत सहावीच्या वर्गात

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा काकूला म्हटलं, अजून एक तास दे. या वेळी यादी नाही, बरण्या घेऊन गेलो.

झाकणाच्या पाच काचेच्या बरण्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत मोड आल्यावर उकळून थंड केलेली मटकी, तिसरीत खडे, चौथीत कोठीतली कोरडी ज्वारी आणि पाचवीत माझा जुना बटणांचा फोन, चालू करून. प्रत्येकीत छोट्या वाटीत चुन्याची निवळी. कार्बन डायऑक्साइड मिळाला की निवळी दुधाळ होते. हा प्रयोग घरी केलात तर निवळी डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीची निवळी दुधाळ झाली होती. उकळलेली मटकी, खडे आणि फोन, तिघांच्या वाट्या जवळजवळ स्वच्छ. फोन रात्रभर चालू होता, बॅटरी खात होता, पण श्वास नाही. पोरं खूश! (उकळलेली मटकी जास्त दिवस ठेवली तर तिथेही निवळी गढूळ होते. तो श्वास मटकीचा नसतो, ती नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो.)

पण ज्वारीची वाटीही स्वच्छच होती. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच उभा राहिला. या वेळी मी त्याला बसवलं नाही. ज्वारी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायला सांगितली. तीन दिवसांनी काकूने फोटो पाठवला. बहुतेक दाण्यांना कोंब आले होते. जे दाणे फुगून तसेच राहिले, ते मेलेले. म्हणजे दाणा झोपलेला होता, त्याचा श्वास इतका सावकाश चालू होता की आमच्या वाटीला तो कळला नाही. आमचं मोजमाप कमी पडलं होतं. बोस यांना क्रेस्कोग्राफ का बनवावा लागला, ते तेव्हा पोरांना समजलं असेल.

आता दुसऱ्या बाकावरची मुलगी. बरण्या बघितल्यावर ती म्हणाली की चूलही कार्बन डायऑक्साइड सोडते, लाकूड खाते, वाढते आणि एका चुलीतून दुसरी पेटवता येते. मग चूल सजीव का?

या वेळी मी आधी तिला सांगितलं की हा प्रश्न बरोबर आहे. मग आम्ही मिळून विचार केला. मटकीने पाणी घेतलं आणि त्यातून, आपल्याच साठ्यातून, नवी मटकी बांधली. मूळ, कोंब, प्रत्येक पेशी तिने स्वतः बनवली. फोन चार्ज होतो, पण त्या चार्जिंगमधून तो स्वतःची फुटलेली स्क्रीन भरून काढत नाही. चूल पसरते, पण तिला पेशी नाहीत आणि पुढच्या पिढीला देण्यासाठी कुठली कृतीही तिच्यात लिहून ठेवलेली नाही. मटकीच्या प्रत्येक पेशीत ती आहे. म्हणून एखादं लक्षण पुरत नाही, सगळी मिळून बघावी लागतात. आणि सगळ्यात आधी विचारायचं की ही वस्तू स्वतःला स्वतः घडवते का.

मग तिला सांगितलं की तुझ्यासारखाच प्रश्न एका मोठ्या माणसाला पडला होता, त्याचं यंत्र दमलं तेव्हा. त्याला थांबवलं होतं, पण तो थांबला नाही. पूर्ण बरोबर निघाला नाही, पण त्याने मोजायचं सोडलं नाही. ती हसली आणि लगेच विचारलं की मग विषाणू कशात मोडतो?

त्याचं उत्तर सोपं नाही. विषाणूला स्वतःची पेशी नसते आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढत नाही. शास्त्रज्ञांमध्येही यावर अजून एकमत नाही. मी तिला तेवढंच सांगितलं. घंटा वाजली, पण या वेळी कोणी उठायला तयार नव्हतं.

तर मंडळी, तुमच्या घरात छोटा भाऊ, बहीण, भाची असेल आणि त्यांनी विचित्र प्रश्न विचारला, तर आधी खाली बस म्हणू नका. मूठभर मटकी भिजत घाला. बाकीचं आपोआप सुरू होतं.